दुसऱ्या गियरवरचा हात

हसायचं नाय हां, आधीच सांगून ठेवते. आमच्या सापगावात लाल रंगाची, उघड्या टपाची, शर्यतीत पळवायची मोटार होती म्हटलं की आताची पोरं दात काढतात. होती म्हणजे होती! दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. आणि ती आणली माझ्या थोरल्या भावानं, जैतूदादानं.

दादा शहापूर-किन्हवलीच्या उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारीवर आधी क्लीनर होता, मग ड्रायव्हर झाला. गाडी बिघडली की दुरुस्तही तोच करायचा. बोलणं मात्र मोजकं. घरात त्याचा आवाज आम्ही ऐकायचो तो पानावर बसल्यावर, "पुरे" एवढाच. इंजिनाशी मात्र तासन्‌तास पुटपुटत बसायचा मेला.

एकदा खर्डीच्या पुढं घाटाखाली मुंबईच्या कुठल्याशा शेटच्या मुलाची ती लाल मोटार अडकली. गियरपेटी अशी किंचाळत होती की रस्त्यावरची गुरं उधळली. पोरगा इतका वैतागला, की म्हशीच्या किमतीत मोटार दादाच्या गळ्यात मारून खर्डीहून आगगाडीनं निघून गेला. दादानं दोन बैल जुंपले आणि मोटार ओढत घरी आणली. माझी आई, सकुबाई, अंगणात कमरेवर हात ठेवून उभी.

"बैलांनीच ओढायची, तर आपला गाडा काय वाईट होता रे?"

सगळी आळी हसली. दादा नुसता मान खाली घालून गालात हसत राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यानं गियरपेटीचं बूच काढलं, तर तेलाबरोबर मूठमूठ लाकडाचा भुसा बाहेर आला. दात्यांचा आवाज दबावा म्हणून कुणा लबाडानं आत कोंबलेला. गावाला तर आयतंच मिळालं! "म्हशीच्या भावात घेतली, वर भुसा फुकट," असं बरेच दिवस चाललं. दादानं पेटी रॉकेलनं धुतली, नवं तेल घातलं आणि मोटार चालती केली. पहिला गियर ठीक, तिसरा ठीक. दुसऱ्यात खोड होती. चढ लागला, इंजिनाला जोर पडला, की गियरचा दांडा आपोआप टणकन सुटून मधे यायचा आणि मोटार मागं घसरायची. आमचे रस्ते हे असे, दादाचे दोन्ही हात स्टेरिंगच्या चाकावर लागायचे. म्हणजे दांडा धरायला शेजारी कुणीतरी हवंच.

आधी मला बसवलं. चढावर भीतीनं मी डोळे मिटले आणि दांडा सोडून दिला. आम्ही दोघं मोटारीसकट करवंदीच्या जाळीत! अंगावरचे काटे काढता काढता दादा जमिनीकडे बघत आईला म्हणाला, "रंभा धरील."

रंभा म्हणजे त्याची बायको, माझी वैनी. आता आमच्या घरची रीत सांगते, म्हणजे कळेल. सासूसमोर सुनेनं नवऱ्याशी बोलायचं नाय. पाणी द्यायचं ते उंबऱ्यावर ठेवून. वाटेनं जाताना तो पुढं, ती दहा पावलं मागं. लग्न होऊन बरीच वर्षं झाली होती त्यांची, पण दोघांनी उजेडात धड तोंडभर बोललेलं मी तरी बघितलं नव्हतं. अशी सून नवऱ्याच्या शेजारी बसून शहापूरच्या पेठेतून जाणार? आई तर चवताळलीच. पण लग्नसराई तोंडावर आलेली, नवरदेवांना वरातीला लाल मोटार हवी होती. शेवटी आई माझ्याकडं बोट दाखवून म्हणाली, "गोजर मागं बसंल. तर जा."

मोटारीच्या मागं एक झाकण होतं, ते उघडलं की एका माणसापुरती बैठक. त्या खोपड्यात मी; लग्नाच्या गावी पोचलं की आम्ही दोघी उतरायचो आणि नवरा-नवरी बसायची. मी तेव्हा नवरा जाऊन माहेरी परतलेली, मला काय, कुठंही बसवा.

ओढा ओलांडून गाव मागं पडलं की वैनी पदर नीट खोचायची आणि बोलायला लागायची. काय बोलायची ते वाऱ्यात मला ऐकू यायचं नाय. पण हसू यायचं. दादाचं पण! माझा भाऊ असा मोठ्यानं हसतो हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. चढ आला की तो ओरडून म्हणायचा, "धर." ती दोन्ही हातांनी दांडा दाबून धरायची. माथ्यावर आलं की, "सोड." हेवा वाटायचा का मला? वाटायचा की. पण जीव गारही व्हायचा. आपल्या वाट्याला नाय आलं, निदान डोळ्यांना तरी दिसतंय.

एकदा माथ्यावर मोटार थांबवली तेव्हा वैनी म्हणाली, "अहो, सुटायच्या आधी ह्यो हाताला ढकलतो. जात्याचा खुंटा सैल झाला का कसा गचगच लागतो, तसा." दादानं ते ध्यानात ठेवलं. भाताची झोडणी उरकल्यावर त्यानं पेटी पुन्हा उघडली. त्याआधी आईचं मुसळ उचलून त्याचं एक टोक पेटीला लावलं, दुसरं कानाला, आणि डोळे मिटून ऐकत बसला. आई ओरडली, "अरे मेल्या, भात कांडायचं मुसळ ते!" मग त्यानं एकेक दाता बोटानं चाचपला. दाते थोडे झिजलेले, पण चालण्यासारखे. पेटीतले आतले दांडे हलवून बघितले. आणि दुपारी मी ताक घेऊन गेले, तर त्याच्या तळहातावर वाटाण्याएवढी लोखंडी गोळी आणि एक इवलीशी स्प्रिंग, मोडून दोन तुकडे झालेली.

"हे काय रे दादा?"

"ही गोळीला खाचेत दाबून धरते. तेव्हा गियर जागेवर ऱ्हातो."

"मग सापडलं म्हण की!"

त्यानं मूठ मिटली. ताक पिऊन झाल्यावर तोंड पुसत म्हणाला, "काय सापडलं? काय नाय." आणि रात्री जेवताना आईला सांगितलं की दाते झिजलेत, नवे मुंबईला मिळतील तेव्हा मिळतील. मला मोटारीतलं काय कळतंय? मी भाकरी वाढत राहिले. वैनी आपली पहिल्यासारखी शेजारी बसायला लागली.

पण आळीतल्या बाईजाला कुठं चैन? "सकूची सून मोटार हाकते," असं ती पाणवठ्यावर रोज बोलायची. आईच्या ते कानावर येत होतं आणि ती आतल्या आत धुमसत होती. पौषात मुरबाडापुढच्या म्हशा गावची जत्रा आली तेव्हा आईनं फर्मान काढलं.

"दांडा मी धरीन. रंभा घरी ऱ्हाईल. मुरबाडात एक फिटर हाय म्हणतात, त्याला दाखवू. गियर नीट झाला म्हणजे हा तमाशा बंद."

वैनीनं नवं लुगडं नेसायला काढलं होतं. तिनं ते घडी करून परत पेटीत ठेवलं. तिच्या तोंडावरचं सगळं पाणी गेलं. मला भडभडून आलं. त्या एका बैठकीवर तिचा सारा संसार चालला होता हो! ती गेली की दोघं परत मुकी. मी आईशी भांडले सुद्धा. आईनं ऐकलं नाय.

निघालो. आई पुढं, ताठ, पदर डोक्यावर. मी मागच्या खोपड्यात. किन्हवलीच्या पुढं चढ लागला. दादानं दुसरा टाकला. तो नेहमी म्हणतो तसं "धर" म्हणाला, पण आवाज कसा तरीच आला. आईनं दोन्ही हातांनी दांडा असा आवळला, की कोंबडीची मान असती तर गेलीच असती. मोटार चढायला लागली. आई दांड्याकडं बघत होती. आमची आई म्हणजे दुधात बोट बुडवून पाणी ओळखणारी बाई. तिनं आधी एक हात काढला. मग दुसऱ्या हाताचं एकेक बोट उचललं. आणि मग दोन्ही हात मांडीवर ठेवून दिले.

मी मागून मान उंच करून बघत होते. दांडा जागच्या जागी. इंजिन जोरात घुमतंय, मोटार चढतेय, आणि दांडा तसूभर हलत नाय! म्हणजे ती मोडकी स्प्रिंग दादानं गुपचूप कधीच बदलली होती. दादाचे कान लालबुंद झाले. तो समोर रस्त्याकडं बघत राहिला. आईपण समोरच. माथा आला, गेला. कुणी "सोड" म्हटलं नाय. काय सोडायचं होतं?

जत्रेत आईनं देवाला नारळ फोडला, एक घोंगडी घेतली. येताना मुरबाडात दादानं मोटार हळू केली आणि मेल्यागत आवाजात विचारलं, "फिटरकडं जायचं ना?"

"नको," आई म्हणाली. "चल घरी."

मुरबाड मागं पडलं. मग आई आपल्याशीच बोलल्यागत म्हणाली, "तुझ्या बापासंगं मी ह्याच वाटेनं यायची जत्रेला. तो पुढं, मी मागं. जल्मभर त्याची पाठच बघितली मी. पाठीवरचा तीळ न् तीळ ठावा, पण हसताना कसा दिसायचा, ते काय आठवत नाय रे."

दादानं मोटार थांबवली. उतरून उगाच पुढच्या चाकापाशी वाकला आणि बाहीनं डोळे पुसले. मी मागं बसून हमसून रडत होते.

घरी आलो तर बाईजा अंगणात हजर. "काय गो सकू, सुटतो का गियर?"

"सुटतो तर!" आई खाली उतरता उतरता कण्हली. "खांदे भरून आले माझे. म्हाताऱ्या माणसाचं काम नाय ते. आमची रंभाच हवी तिथं."

वैनी दारात उभी होती. तिनं आईकडं बघितलं, मग दादाकडं. दादा चाकाकडं बघत होता. ती धावत आत गेली आणि वाटीत तेल कोमट करून घेऊन आली. ओटीवर बसून आईचे हात चोळायला लागली. चोळता चोळता तिची बोटं थांबली. आईच्या तळव्यावर वळ नाय, लाली नाय, काय नाय. आणि दांडा ढकलतो का नाय, हे त्या घरात वैनीच्या हाताइतकं कुणाला ठाऊक होतं?

तिची मान खाली गेली. आईनं आपला हात काढून घेतला नाय. उलट वैनीचा तळवा उलटा करून बघितला, त्याच्यावर अंगठा फिरवला.

"तुझा हात दुखतो का गो?"

"नाय आत्या."

"मग धर," आई म्हणाली.