आईच्या थुंकीची तपासणी

निपाणीच्या तंबाखूच्या वखारींसमोर तंबाखूविरोधी पत्रकं वाटण्यात माझी तीन वर्षं गेली. म्हणून बेळगावच्या एका प्रयोगशाळेनं तंबाखू निवडणाऱ्या बायकांची थुंकी तपासायचं ठरवलं, तेव्हा बायका गोळा करायचं काम माझ्याकडं आलं. पत्रकही मीच लिहिलं: सकाळी काही खाऊ-पिऊ नका, तंबाखू तोंडात धरू नका.

तपासणी ऐकायला सोपी होती. नखाएवढी पट्टी, तिच्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांचा थर. थुंकीचा थेंब टाकून उजेड पाडला की त्या थरातून अगदी बारीक वीज वाहते. थुंकीत कॅन्सरची खूण असलेलं प्रथिन असलं तर ते पट्टीला चिकटतं आणि वीज घटते. अजून प्रयोगच होता, पण सुई नाही, चिरणं नाही.

ठरल्या दिवशी समाजमंदिरात बायका उपाशीपोटी हजर. त्यांच्यात माझी आई, वखारीत आयुष्य काढलेली. पहिलीनं नळीत थुंकलं, तपकिरी. दुसरीचंही तसंच. आईचं तर काळपट.

प्रयोगशाळेतून आलेली संशोधक पोरगी नळी खिडकीकडं धरून मला म्हणाली, "ताई, यातून उजेडच जाणार नाही. काय खाऊन आल्यात ह्या?"

"खाल्लं काय बी न्हाय," आई म्हणाली. "दात घासल्यात. शिकल्याल्या माणसापुढं पारोशा तोंडानं यायचं व्हय?"

सगळ्याजणी मिश्री लावून आल्या होत्या. भाजलेल्या तंबाखूची पूड.

"आई, मिश्री म्हंजे तंबाखूच की गं."

"तंबाखू गडी माणसं खात्यात. आमी दात घासतो."

"आता लेक आईला दात घासाय शिकीवणार," मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळ्या हसल्या.

मला हसता येईना. तीन वर्षांत माझ्या एकाही पत्रकात मिश्री हा शब्द नव्हता. आणि आईची मिश्रीची पुडी बाजारातून मीच आणत होते, पत्रकांच्याच पिशवीतून.

पोरीनं आईला चूळ भरायला लावली आणि मोबाइलच्या बॅटरीनं तोंडात पाहिलं. मग मला वाकून बघायला सांगितलं. गालाच्या आत, आई मिश्री दाबून ठेवते तिथं, पांढरा चट्टा होता.

"पट्टीचं नंतर बघू," ती म्हणाली. "मावशींना उद्याच्या उद्या डॉक्टरकडं न्या."

डॉक्टरनं चट्ट्याचा तुकडा तपासायला काढला. आठवड्यानं अहवाल आला. कॅन्सर नाही, पण त्याच वाटेवर आहे, असं निघालं. मिश्री बंद.

चौथ्या सकाळी आई डोकं बांधून उंबऱ्यावर बसली होती. हात सारखा कमरेच्या पिशवीकडं जात होता. मी ओरडले.

"माझ्यावर कशाला तोंड टाकतीस? आजवर आणून कोण द्यायचं?"

मी हातातली पत्रकांची पिशवी खाली ठेवली.

"आन् तुझ्या सांगण्यानं सोडली न्हाय," ती म्हणाली. "त्या पोरीला पांढरी थुंकी पायजे हाय. शनिवारी पुन्ना येणार हाय ती."

मी तिच्याशेजारी बसले. शनिवारला अजून दोन दिवस होते.