हॅल्सीसाठी वाढलेलं पान

सर्वपित्री अमावास्येला उमाबाई पिशोरकरांच्या गच्चीवर तीन पानं जायची. एक सासऱ्यांचं, एक सासूबाईंचं आणि एक एडविन हॅल्सीचं. पहिली दोन माणसं पिशोरची. तिसरा अमेरिकेतल्या जुन्या सिनेमांमधला नट. पिशोरकर घराण्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. उमाबाईंचे यजमान तात्यासाहेब पाटबंधारे खात्यात कारकून होते, आणि घरी आलेल्या पाहुण्याला हे प्रकरण समजावून सांगायचं काम त्यांच्याकडं असायचं. "काय आहे," ते सुपारी कातरत म्हणायचे, "आमच्याकडचे एक पितर फॉरेनचे आहेत."

पाहुणे हसायचे. पण गच्चीवर त्या तिसऱ्या पानापाशी पंधरा वर्षं जे घडत होतं, ते बघितलेला माणूस हसला नसता.

उमाबाई मूळच्या कन्नडच्या. कॉलेजसाठी औरंगाबादला आल्या, तेव्हा शहर गुलमंडीपासून सुरू व्हायचं आणि स्टेशनापाशी संपायचं. रविवारी सकाळी एका टॉकीजला इंग्रजी सिनेमा लागायचा. इंग्रजी कुणालाच धड कळत नसे, पण हॅल्सीचं चित्र असलं की जागा मिळायची नाही. नवाबपुऱ्यातले हिमरू विणणारे यायचे, दवाखान्यातला कंपाउंडर यायचा, आणि दोन वेण्या घातलेली उमा मैत्रिणीचा हात घट्ट धरून यायची. हॅल्सी प्रत्येक सिनेमात घर सोडून जायचा. दारात थांबायचा, एकदा मागं वळून बघायचा, आणि जायचा. त्या क्षणी पुढच्या बाकांवरून कुणीतरी हमखास ओरडायचं, "अरे रुक जा, मियाँ!" तो थांबायचा नाही. पुढच्या रविवारी लोक पुन्हा ओरडायचे.

पडद्याबाहेरही त्याचं तेच चाललं होतं. पैठण गेटच्या रद्दीवाल्याकडं जुनी इंग्रजी मासिकं यायची, त्यांतून बातम्या कळायच्या. हॅल्सी पिऊन सेटवर आला, हॅल्सीनं दिग्दर्शकाला मारलं, तिसरी बायको सोडून गेली, मुलानं बापाचं आडनाव टाकून दिलं. बातमी सहा-आठ महिने शिळी असायची, पण हळहळ ताजी. आपल्या गल्लीतल्या दारुड्याला दारात उभं न करणारी ही माणसं, सातासमुद्रापलीकडच्या दारुड्यासाठी मात्र जीव टाकायची. माया कुणावर बसावी याला काही कायदा नसतो.

पुढं उमाबाईंचं लग्न झालं, मुलींच्या शाळेत नोकरी लागली, मुलगा झाला. हॅल्सीचे सिनेमे यायचे बंद झाले. आणि मग बहात्तर साल आलं.

त्या साली पाऊस आलाच नाही. विहिरींच्या तळाला भेगा पडल्या. पिशोरकडची माणसं खडी फोडायला गेली आणि रेशनवर अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी मिळायला लागली. पितृपक्षातल्या एका संध्याकाळी सखाराम घरी आला. सखाराम वेरूळचा, टॉकीजमध्ये मशीनवर असायचा. हॅल्सीची सगळी चित्रं त्यानंच दाखवलेली. दारातच उभा राहून म्हणाला, "बाई, हॅल्सी गेला. फिल्मची पेटी घेऊन मुंबईचा माणूस आलता, त्यानंच सांगितलं. कोण्या हाटेलात मेला. लई दिवस झाले म्हणं. कुणी आलं बी नाय न्यायला."

उमाबाईंना रडू आवरेना. तात्यासाहेबांच्या आजोबांपर्यंत घरात भिक्षुकी होती, त्यामुळं काही गोष्टी त्यांना पाठ होत्या. ते म्हणाले, "कुणी करणारं नसलं, तिथी ठाऊक नसली, तर सर्वपित्री आहे. गोत्र माहीत नसलं तर कश्यप. अडत नाही काही."

हीच ती चूक. पण त्यांच्या जागी दुसरं कुणी असतं तर त्यानंही हेच केलं असतं.

अमावास्येला उमाबाईंनी तीन पानं वाढली. तांदूळ मूठभरच होते. म्हणून हॅल्सीच्या पानावर थोडा भात आणि मिलोची तांबडी भाकरी. त्याच्या देशाचं धान्य त्याच्याच पानावर आलं, एवढंच त्यांना बरं वाटलं. भर बाराच्या उन्हात त्यांनी पानं गच्चीच्या कठड्यावर ठेवली आणि हाका मारल्या.

त्या वर्षी कावळे इतके भुकेले होते, की पोरांच्या हातातली भाकरी ओढून न्यायचे. सासू-सासऱ्यांची पानं बघता बघता साफ झाली. मग एक कावळा हॅल्सीच्या पानापाशी येऊन बसला. पिसं विस्कटलेली, छातीचं हाड वर आलेलं. त्यानं भाताकडं पाहिलं. मान लांब केली, चोच अगदी शितांपाशी नेली आणि मागं घेतली. असं त्यानं चार-पाच वेळा केलं. मग मान वळवून तो उमाबाईंकडं बघत राहिला. कावळ्यानं न खाणं त्यांनी पूर्वीही बघितलं होतं. पण याला खायचं होतं. तो खाऊ शकत नव्हता.

ऊन कलेपर्यंत तो तिथंच होता. मग उडून गेला. पान गाईला घातलं.

मेलेल्या माणसाची इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मग इच्छा ओळखायची आणि शब्द द्यायचा. पण सासऱ्यांना भजी आवडायची हे जसं ठाऊक, तसं हॅल्सीचं काय ठाऊक असणार? दुसऱ्या वर्षी उमाबाईंनी पानाशेजारी सिगारेट ठेवली. तिसऱ्या वर्षी सखारामनं उकडलेलं अंडं आणलं. ते सोवळ्यातल्या गच्चीवर चढलं तेव्हा तात्यासाहेब पेपरात तोंड घालून बसले. एके वर्षी वाटीत रमसुद्धा ठेवली. शाळेतली मोठी बाई पदराखाली रमची वाटी घेऊन जिना चढते, हे शेजारणीनं बघितलं असतं तर बदलीच झाली असती. "तुझ्या मुलाकडं आम्ही पत्र पाठवतो," उमाबाईंनी कावळ्यापुढं शब्द दिला. "तुला कुणी विसरलं नाही," म्हणाल्या. काही उपयोग नाही. दरवर्षी एक कावळा यायचा, चोच शितांपाशी न्यायचा, मागं घ्यायचा आणि मान वळवून बघत राहायचा. घर बदललं, सिडकोत रो-हाउस घेतलं, तरी तेच. तो एकच कावळा असेल, हे शक्य नव्हतं. पण बघणं एकच होतं.

"उमा, बस कर आता," तात्यासाहेब एकदा म्हणाले. त्यांचा आवाज थट्टेचा नव्हता. "मला वरती यायची भीती वाटते."

सत्याऐंशी सालही दुष्काळाचंच. त्या अमावास्येला उमाबाईंच्या अंगात ताप होता. त्यांनी काही विचारलं नाही, काही कबूल केलं नाही. नुसतं पान ठेवलं आणि म्हणाल्या, "घे, नाहीतर राहू दे बाबा. मी तर ठेवणारच."

हात मागं घ्यायच्या आत कावळा उतरला आणि खायला लागला. सासू-सासऱ्यांच्या पानांकडं त्यानं बघितलंही नाही. भात, वडे, खीर, आळूची भाजी, सगळं पोटभर खाऊन पान उलटं होईस्तोवर त्यानं चोच काढली नाही. सखाराम कठड्याला टेकून उभा होता. तो खाली बसला आणि ढसाढसा रडला. "जेवला वो बाई. जेवला एकदाचा."

उमाबाईंना वाटलं, त्याला एवढंच हवं होतं, कुणीतरी बिनअटीचं वाढलेलं. त्या वर्षापासून हॅल्सीचं पान सगळ्यांत आधी संपू लागलं. पुढं सखाराम गेला. तात्यासाहेबही गेले, दहाव्याला त्यांच्या पिंडाला कावळा पहिल्या हाकेलाच शिवला. आयुष्यभर त्यांनी काही मागितलं नव्हतं, तेव्हाही नाही.

दोन हजार पंधराच्या पितृपक्षात उमाबाई एकोणऐंशी वर्षांच्या होत्या. जायकवाडीत गाळ उरला होता आणि नळाला पाणी चार-चार दिवसांनी. शहर एका अंगानं वाळूजच्या पुढं, दुसऱ्या अंगानं शेंद्र्यापर्यंत गेलं होतं. टॉकीजच्या जागी मोबाइलची दुकानं होती. अमावास्येच्या चार दिवस आधी नात स्वरदा पुण्याहून आली आणि फोन पुढं करत म्हणाली, "आजी, सरप्राइज! तुझ्या हॅल्सीचे फॅन अजून आहेत. जगभरचे. इंटरनेटवर त्यांनी त्याच्यासाठी पान काढलंय."

उमाबाईंनी चष्मा पुसला. तो दारात थांबलेला फोटो बघून त्यांच्या तोंडावर अठरा वर्षांची पोर उमटून गेली. कुणी पोलंडचा, कुणी अर्जेंटिनाचा, सगळे त्याच्यावर तसाच जीव टाकणारे. मग स्वरदानं वाचून दाखवलं, "मृत्यू, ऑगस्ट एकोणीसशे सत्याऐंशी. सरकारी मनोरुग्णालयात."

"बहात्तर," उमाबाई म्हणाल्या.

"नाही गं. सत्याऐंशी. बहात्तरमध्ये मेल्याची अफवा उठली होती, असं लिहिलंय. तेव्हा तो हॉस्पिटलात होता. सोळा वर्षं होता तिथं."

उमाबाईंनी चष्मा काढला. स्वरदाचं लक्ष नव्हतं, ती पुढं वाचत होती. मार्था नावाच्या एका बाईनं आठवण लिहिली होती. त्या इस्पितळात ती परिचारिका होती. तिनं लिहिलं होतं, की हॅल्सीला वर्षातून एकदा विचित्र झटका यायचा. सकाळी तो न्याहारीला हात लावायचा नाही. म्हणायचा, उन्हात कुणीतरी माझं पान वाढलंय. समोर अन्न आहे, मला भूक आहे, पण ते घेता येत नाही. एक बाई उभी आहे, ती वाट बघतेय. तिला कुणीतरी सांगा, मी अजून मेलो नाही. हा दिवस कधी सप्टेंबरात यायचा, कधी ऑक्टोबरात. मार्थानं कुतूहलानं डायरीत तारखा लिहून ठेवल्या होत्या.

वाचता वाचता स्वरदाचा आवाज बारीक झाला. तिनं फोनवरच जुनी पंचांगं काढून तारखा ताडून पाहिल्या. बहात्तरचा सात ऑक्टोबर. त्र्याहत्तरची तारीख. चौऱ्याहत्तरची. एकही चुकली नव्हती. सगळ्या सर्वपित्री अमावास्या.

"आजी," ती म्हणाली आणि तिनं फोन उलटा ठेवला.

"जित्या माणसाचं श्राद्ध घातलं मी," उमाबाई म्हणाल्या. "पंधरा वेळा. त्याला ना इकडचा ठेवला, ना तिकडचा."

त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी नुसता चहा घेतला. रडल्या नाहीत. भिंतीकडं तोंड करून पडून राहिल्या. वेड लागलेल्या एका माणसाला आपण वर्षानुवर्षं ओढून गच्चीवर आणत होतो आणि उपाशी परत पाठवत होतो, एवढंच त्यांच्या डोक्यात फिरत होतं. डॉक्टर बघून गेले. मुलगा ओरडला, "आई, योगायोग असतो गं!" त्यांनी त्याच्याकडं बघितलंही नाही. तिसऱ्या दिवशी स्वरदाला जवळ बोलावून म्हणाल्या, "या वर्षी पान ठेवायचं नाही. कुणाचंच नाही. मला तो हक्क नाही. आणि त्या बाईला लिही. सगळं खरं सांग, मी कोण ते सांग. एवढंच विचार, की त्याला त्रास किती झाला. लपवू नको म्हणावं."

स्वरदानं लिहिलं. मार्थाचं उत्तर अमावास्येच्या सकाळी आलं. स्वरदा आजीच्या उशाशी बसली आणि एकेक वाक्य मराठीत करून सांगू लागली.

मार्था पंचाहत्तरीची होती. तिनं दुसऱ्या वाक्यात लिहिलं होतं, की वाचून मी घाबरले आणि खिडक्या लावून घेतल्या. मग लिहिलं होतं, की सोळा वर्षांत त्याला भेटायला एकही माणूस आलं नाही. चाहत्यांची पत्रं स्टुडिओत पडून राहिली, त्याच्यापर्यंत पोचली नाहीत. त्याचा मुलगा गावातच राहायचा.

"त्याला त्रास व्हायचा का, ते सांग," उमाबाई म्हणाल्या.

"सांगते. ती म्हणते, तो रडायचा. खाता आलं नाही म्हणून रडायचा. पण तो दिवस यायचा असला की त्याला आधीच कळायचं. आदल्या दिवशी दाढी करून मागायचा. धुतलेला शर्ट मागायचा, केस विंचरून घ्यायचा. एरवी महिनोन्महिने अंघोळ न करणारा माणूस. आम्ही विचारायचो, कुठं निघालास, एडविन? तर म्हणायचा, जेवायला बोलावलंय."

उमाबाई उठून बसल्या.

"सत्याऐंशीच्या ऑगस्टमध्ये तो गेला, तेव्हा ती जवळ होती," स्वरदा पुढचं वाक्य सांगू लागली. "भीती वाटते का, असं तिनं विचारलं. तो हसला म्हणे. म्हणाला, नाही. या वर्षी मला जेवता येईल."

उमाबाईंच्या डोळ्यांतून चार दिवसांचं पाणी एकदम वाहायला लागलं. त्यांनी ते पुसलं नाही.

"पंधरा वर्षं पानावरून उपाशी उठला गं," त्या म्हणाल्या. "तरी येत राहिला." मग भिंतीचा आधार घेत उभ्या राहिल्या आणि त्यांनी पदर खोचला. "वाजले किती? दहा? तांदूळ धू लवकर. तो दाढी करून बसला असेल."