लोखंडाचं माहेर

इंदूबाईंच्या हातात काहीही द्या, खिळा, मिठाचा खडा, चुन्याची डबी, त्या ते तळहातावर ठेवून विचारायच्या, "याचं माहेर कुठलं, सांगा पाहू?" भुकूमच्या आमच्या सातवीपर्यंतच्या शाळेत त्यांचा विज्ञानाचा तास असाच सुरू व्हायचा. आम्ही मुली तोंडावर हात धरून हसायचो. विहिरीवर बायका उलट त्यांनाच विचारायच्या, "बाई, तुमचं म्हायेर कुटलं?" बाई लहानपणीच विधवा झालेल्या, मागे कोणी उरलेलं नव्हतं. त्या हसून एवढंच म्हणायच्या, "लांब आहे."

साल एकसष्ट-बासष्ट असेल. पुण्याहून त्यांच्याकडे एक मासिक यायचं. एकदा त्या ते छातीशी धरूनच वर्गात आल्या. म्हणाल्या, "पुस्तकात अजून आलेलं नाही, पण ऐका. आपल्या चुलीतली राख उकिरड्यावर जाते. ताऱ्याच्या चुलीत राख हेच पुढचं सरपण! आधी हायड्रोजन जळतो, त्याची राख हेलियम. मग हेलियम पेटतो, त्यातून कार्बन, ऑक्सिजन. मोठ्या ताऱ्यात असं होत होत लोखंड तयार होतं. ते मात्र काही केल्या पेटत नाही. चूल विझते, तारा आतल्या आत कोसळतो, मग फुटतो आणि पोटातलं सगळं आभाळभर उधळतो. त्याच धुळीतून पुढे आपली पृथ्वी झाली." सांगताना त्यांचा चेहरा लेकीचं लग्न ठरल्यासारखा फुलला होता.

लग्न मात्र माझं ठरत होतं. नांद्याचं स्थळ आलं होतं, दसऱ्याला मंडळी सुपारी फोडायला येणार होती. सातवी झाली की शाळा बंद, असं माझ्या वडिलांनी, आबांनी, सांगून टाकलं होतं. मला पुण्याला जाऊन पुढे शिकायचं होतं. पण आबांपुढे बोलायची आमच्या घरात कोणाची छाती नव्हती. मी बाईंपाशी पोटभर रडले.

खंडेनवमीला बाई आमच्या दारात हजर. पडवीत नांगराचा फाळ, विळे, कुऱ्हाडी धुऊनपुसून ओळीनं मांडलेल्या. आबा त्यांना हळदकुंकू लावत होते.

"आबा, या फाळाचं माहेर कुठलं?"

"पौडच्या लोहाराकडनं आणलाय की!"

मग बाईंनी ताऱ्याची सगळी गोष्ट सांगितली. आबा कुंकवाचं बोट तसंच धरून ऐकत राहिले.

"म्हंजी ह्यो फाळ आभाळातला?"

"आणि तुमच्या लेकीच्या रक्तातलं लोखंडही तिथलंच. आबा, फाळाला तुम्ही गंज चढू देत नाही. मग हिलाच का कोपऱ्यात ठेवता?"

आबा कुंकवाकडे बघत म्हणाले, "बाई, नांगराला कुनी नावं ठेवत न्हाई. पोरीला ठेवत्यात."

बाईंना स्वतःला सगळं आयुष्य नावंच ठेवली गेली होती. चहा घेऊन त्या उठल्या. जाताना माझ्याकडे पाहिलंही नाही.

संध्याकाळी आबांनी हाक मारली, "तुजं ते इज्ञानाचं पुस्तक आन हिकडं." त्यांनी ते फाळाशेजारी ठेवलं, हळदकुंकू लावलं, वर झेंडूचं फूल वाहिलं. पुजलेल्या अवजाराला आमच्याकडे दसऱ्यापर्यंत हात लावत नाहीत. म्हणून मी लांबूनच बघत बसले, काही कळेना.

दसऱ्याला सकाळी आबांनी अवजारं उचलली आणि पुस्तक माझ्या हातात दिलं. "पुजलंय न्हवं? मंग आता चालवाय पायजे." सुपारी फोडायला येऊ नका, असा नांद्याला निरोप गेला. त्यावरून भावकी दोन वर्षं आमच्याशी धड बोलली नाही. आबांनी ते मुकाट्यानं सोसलं.

पुढे मी पुण्यात रसायनशास्त्र शिकले, शिकवू लागले. आज जी काही आहे ती या दोघांमुळे आहे, हे मी कुठेही उभी राहून सांगेन.

बाई गेल्या तेव्हा त्यांच्या खोलीबाहेर बायका जमल्या होत्या. एकजण हळहळली, "बिचारीला ना सासर, ना म्हायेर."

माझ्या वर्गात बसली असती तर मी तिला समजावून सांगितलं असतं. तिथे मला एवढंच बोलता आलं, "माहेर होतं हो. लांब होतं."