आमची कुणाकडे जेवतेय?

मंडळी, आज लेक-जावयाबरोबर घरं बघायला गेले होते. सकाळी वरळी, मग दादर, शेवटी नायगाव. लेकीचे प्रश्न सगळीकडे तेच: शाळा किती लांब, बाग आहे का, पार्किंग मिळेल का. वरळीच्या खिडकीतून समुद्र छान दिसत होता, पण मजल्यावरची सगळी दारं बंद.

नायगावला लेक स्वयंपाकघर बघत होती, तेवढ्यात आमची पाच वर्षांची नात मिनू दिसेनाशी झाली. जावई जिन्याने खाली धावले. लेक रडायच्या बेतात.

मला मात्र संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या दिवसांतली आमची फणसवाडीची चाळ आठवली. संचारबंदी लागली की आम्हा मुलांना खाली सोडत नसत. मग गॅलरीतल्या कुठल्याही खोलीत खेळायचं आणि जिथे ताटं मांडली जातील तिथेच जेवायला बसायचं. संध्याकाळी आई दारात येऊन विचारायची, "आमची कुणाकडे जेवतेय?" कुठल्या तरी खोलीतून उत्तर यायचंच.

आज मीही पॅसेजमध्ये उभी राहून तसंच ओरडले. लेक म्हणाली, "अगं आई, ही काय चाळ आहे का?"

शेवटच्या दारातून एक बाई डोकावल्या. "इथे आहे हो. आमच्या नातीबरोबर आमटी-भात खातेय. तिखट लागतंय म्हणते, पण उठत नाही."

घर नायगावलाच घ्यायचं ठरलं. पार्किंगचं विचारायचं लेक विसरूनच गेली.

तुमची मुलं हल्ली कुणाकडे जेवतात?