तीनचं तिकीट

इंदूरची मिल बंद होऊन सात महिने झाले होते, पण मिलची फुटबॉल टीम काही बंद पडली नव्हती. यंदा मॅच महूला होती. तिथल्या लोकांना तिकीट तीन रुपये आणि इंदूरहून येणाऱ्यांना दहा! चहाच्या टपरीवर वाद जुंपला. कुणी म्हणे देऊन टाकू, कुणी म्हणे जाऊच नये.

कताईखात्यातला जॉबर, म्हणजे मुकादम, पद्माकर लोंढे कडाडला, "जायचं! पण आत पाय ठेवायचा नाही."

"पगार बंद, अन् तू तिकिटावरून भांडतोस, भिया?" एकाने इंदुरी ढंगात विचारलं.

"पगार बंद आहे म्हणूनच!"

मिलवाले मॅचला टाळ्या वाजवत नसत, सुताच्या लाकडी बॉबिन एकमेकांवर आपटत. रविवारी साठ जणांनी मैदानाच्या भिंतीबाहेर उभं राहून असा कडकडाट केला, की आतल्या लोकांना शिट्टी ऐकू येईना. मध्यंतराला आयोजक हात जोडत फाटकाशी आला.

"चलो, सब फ्री में आ जाओ. बेचारे मिलवाले!"

पद्माकरचं डोकं सटकलं. त्याने तिकीटखिडकीवर तीन रुपये आपटले.

"बेचारा कोण? तुमच्या माणसाला जे तिकीट, तेच मला. फाडा!"

मागे बाकी सगळ्यांची तीन-तीन रुपये घेऊन रांग लागली होती.