आरतीला डोळे मिटणारा कॅमेरा

मीटरभावजी नमस्काराला हात जोडत, तेव्हाही एका हातात लाल तार असे, दुसऱ्यात काळी. वीज मोजायचं मीटर त्यांच्या खांद्याला कायम लटकलेलं, तेही बायकोनं विणलेल्या लोकरी टोपड्यात. कारखान्यातून निवृत्त झाले, पण मोजणं सुटलं नाही. चहाला बोलावलं तर आधी आमच्या भिंतीवरच्या घड्याळाचा सेल मोजत, मग बशी उचलत. "वहिनी, निघालं किती ते सांगू नका, पोचलं किती ते बोला," हे त्यांचं पालुपद.

झाशीतल्या आम्हा मूठभर मराठी घरांचा गणपती बसतो, तिथली ही गोष्ट. मी तेव्हा अवघी चौसष्ट वर्षांची. अक्कल यायला अजून अवकाश होता. देवापुढच्या ताटातले पेढे रोज आरतीनंतर कमी भरत. पेढे रामकली करायची, मंडळाच्या स्वयंपाकघरातली वीस वर्षांपासूनची जुनी बाई. म्हणून मी सगळ्यांदेखत, माइकवरून, तिच्याकडे बघून म्हटलं, "अब तो कैमराही लगवाती हूँ!"

"बाईसाब, हमें तौ मीठो भातई नइयाँ," ती म्हणाली. गोड तिला आवडतच नाही म्हणे. ऐकतंय कोण!

कॅमेरा बसला. दिवसभर चित्र कसं आरशासारखं. पण आरतीला मंडपातले दिवे मालवून नुसत्या समया ठेवायची आमची जुनी रीत. 'सुखकर्ता' म्हणायला आणि कॅमेऱ्याचा पडदा काळा व्हायला एकच गाठ. आरती संपून दिवे लागले की स्वारी पुन्हा जागी. मी निदान केलं, कॅमेऱ्याला दृष्ट लागलीय. भिंगासमोर लिंबू-मिरच्या बांधल्या. त्या दिवशी लिंबाचं चित्रण फार सुंदर आलं. शेवटी मंडळानं ठरवलं, कॅमेरा बंद पाडणारीही रामकलीच. रविवारी तिला रजा द्यायची, कायमची.

शनिवारी दुपारी मीटरभावजी स्टुलावर चढले. मंडळाच्या ऑफिसातल्या अडॅप्टरपाशी बारा व्होल्ट, कॅमेऱ्यापाशी अकरा.

"बरं आहे की मग," मी म्हटलं.

त्यांनी डोक्यावरची टोपी काढून कॅमेऱ्याला घातली. कॅमेराच बंद! मीटर नवाच्याही खाली.

"त्याला वाटलं रात्र झाली. अंधारात बघायचे स्वतःचे दिवे लावायला गेला, वीज पुरेना, बसला खाली. ही केसाएवढी तार कुणाच्या डोक्यातून निघाली, वहिनी?"

माझ्याच. दाराच्या घंटीची जुनी तार घरात पडून होती, साठ हात लांब. मीच मोठ्या कौतुकानं दिली होती.

भावजींनी जाड तार ओढून अडॅप्टर कॅमेऱ्याशेजारीच आणला. त्या संध्याकाळी आरती अथपासून इतिपर्यंत दिसली. मग त्यांनी मला एकटीला ऑफिसात बोलावलं. पडद्यावर सगळे टाळ्या वाजवताहेत आणि पुढे एक बाई डोळे मिटून, भक्तीनं डुलत, डाव्या हातानं पेढा उचलून तोंडात टाकतेय. मग दुसरा. पाचव्या पेढ्याला मी माझी साडी ओळखली.

मला साखरेचा आजार, घरी गोड बंद. आरतीत एखादा तोंडात जातो हे ठाऊक होतं हो, पण डोळे मिटून खाल्लेलं मी धरतच नव्हते.

"पुसून टाका ना, भावजी."

"मी मोजतो. पुसत नाही."

मी तडक स्वयंपाकघरात जाऊन माफी मागून आले. भावजी दारातच उभे.

"काय म्हणालात?"

"माझी चूक झाली, मनात ठेवू नकोस, असं."

"मराठीत?"

वीस वर्षांत रामकली मराठीतलं 'वाढा' आणि 'पुरे' एवढंच शिकलेली.

"निघालं छान," भावजी म्हणाले. "पोचलं किती?"

रविवारी तोच माइक हातात घेतला. "पेड़े मैंने खाए. रोज, आँखें मूँदकर खाए. रामकली ने एक भी नहीं."

मागून रामकलीचा खणखणीत आवाज आला, "बाईसाब, अब खाइयो तौ आँखें खोल कें खाइयो!"

मीटरभावजी गेल्या वर्षी गेले. मीटर माझ्यासाठी ठेवून गेले, लोकरी टोपड्यासकट. त्यातलं मला ओ की ठो कळत नाही, पण गणपतीत खांद्याला लावून जाते. आरतीला दिवे मालवतात, समया उरतात, कॅमेरा टक्क जागा असतो. आणि रामकली माझ्या शेजारी उभी राहते, माझा डावा हात घट्ट धरून.