जैतुनाच्या डोंगरावरची ओळ

“टॅक्सी बोलावली आहे. मावशींना तिच्यात बसवा,” गाइड म्हणाला.

“मले टॅक्सी नको. मी पायी जासू,” रूथमावशी म्हणाल्या. एका हाताने त्यांनी भिंत धरली होती, दुसऱ्याने गुडघा.

आम्ही जेरुसलेमला जैतुनाच्या डोंगरावर उभे होतो. मी नंदुरबारचा, टूर मॅनेजर. आमच्या कंपनीचा मूळ धंदा हज-उमऱ्याचा. नवापूर-चिंचपाड्याची ख्रिस्ती मंडळी पवित्र भूमीला निघाली, तेव्हा शेठ म्हणाले, “सलीम, जेरुसलेम आपलं पण आहे अन् त्यांचं पण. तूच जा.”

समोर सरळ उतार होता. येशू गाढवावर बसून याच वाटेने शहरात गेला आणि लोकांनी झावळ्या हलवल्या, असं सांगतात. मावशींचे यजमान पाळक होते, म्हणजे चर्चचे गुरुजी. दर झावळ्यांच्या रविवारी ते शिंदीच्या झावळ्या घेऊन गावातून मिरवणूक काढायचे. ही खरी वाट बघायची राहिली आणि ते गेले.

“त्या उनात नही, मी उनू,” मावशी म्हणाल्या, म्हणजे ते आले नाहीत, मी आले. “आते चालू दे.”

गाइडची अडचण खोटी नव्हती. खाली उत्खननाचा स्लॉट होता. जमिनीखाली सापडलेला जुना दगडी रस्ता बघायचा, आणि आत सोडायची वेळ ठरलेली. ती चुकली की सगळा ग्रुप बाहेर. मी शेठना फोन लावला.

“पडल्या तर?” शेठ म्हणाले.

“तर आपण मेलो.”

“मग टॅक्सीच.”

फोन ठेवतोय तोवर ग्रुपमधल्या विसरवाडीच्या दोघी बायका मावशींच्या दोन बाजूंना येऊन उभ्या राहिल्या. आमच्याकडे आदिवासी लग्नात ढोल वाजला की बायका एकमेकींच्या कमरेत हात घालून ओळ करतात आणि सगळ्या एका पावलाने सरकतात. तशीच ओळ त्यांनी केली, मावशी मधे. मागे दुसरी ओळ लागली. पुरुषांची ओळ पुढे, कुणी घसरलं तर अडवायला. ढोल नव्हता, म्हणून त्यांनी चर्चमधलं गीत धरलं. मी तोंड उघडायच्या आत सगळे निघालेसुद्धा.

माझा जीव टांगणीला लागला होता. मावशींच्या पायांकडे बघत मी उलटा चालत होतो. निम्म्यावर त्यांचा पाय घसरलाच. ओळ जराशी वाकली, परत सरळ झाली. गाणं काही थांबलं नाही. गाइडने ते पाहिलं, टॅक्सीवाल्याला हात करून परत पाठवलं आणि स्वतः पुरुषांच्या ओळीच्या टोकाला जाऊन लागला. गीत त्याला येत नव्हतं, तरी तोंड हलवत होता.

एरवी उतारावर ग्रुप पांगतो. एक जण फोटोला थांबतो, दुसरा माळा घ्यायला, तिसऱ्याला बाथरूम आठवतं. इथे सगळ्यांचे हात गुंतलेले, थांबणार कोण? आम्ही वेळेच्या आधीच खाली पोचलो.

पायथ्याच्या गेथशेमाने बागेच्या फाटकाशी मावशींनी कमरेतले हात सोडवले आणि शेवटची पावलं एकटीने टाकली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “तुन्हा शेठले सांग, पाळकीणबाई पायी उतरनी.”

मी लगेच फोन करून सांगितलं. सांगताना मला रडू आलं, आणि शेठ घाबरून विचारत राहिले, कोण पडलं, कोण पडलं.

आता कुठल्याही ग्रुपची मीटिंग असली की पासपोर्ट, औषधं, बूट हे सगळं होतंच. पण त्याआधी मी एक विचारून घेतो, तुमच्याकडे लग्नात नाचतात कसे?